कागद आधी कोणी वाचायचा?

6 मार्च 2019. राफेल विमान खरेदीच्या निकालावरच्या फेरविचार याचिका सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला आल्या होत्या. याचिकाकर्त्यांनी जोडलेले तीन कागद संरक्षण मंत्रालयातून चोरीला गेलेले आहेत, असं अ‍ॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी खंडपीठाला सांगितलं. दोनच दिवसांनी त्यांनी खुलासा केला की मूळ कागद जागेवरच आहेत, बाहेर गेल्या त्या त्यांच्या छायाप्रती. चोरीच्या या गोष्टीवर वर्तमानपत्रांचे मथळे सजले आणि खरा मुद्दा बाजूला पडला. सरकारचं म्हणणं असं होतं की हे कागद ‘द हिंदू’नं छापले असतील, देशभर वाचले गेले असतील, तरी न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहता कामा नये. त्यासाठी आधार दिला होता 1872 सालच्या पुरावा कायद्याच्या कलम 123 चा.

चहाच्या टपरीवर चर्चिला जाणारा कागद न्यायासनावर बसलेल्यानं तेवढा वाचायचा नाही, ही मागणी ऐकायला विचित्र वाटते. पण तिच्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांची परंपरा आहे. सरकारला काही गोष्टी झाकून ठेवाव्या लागतात, याबद्दल फारसा वाद नाही. सैन्याच्या हालचाली, खबऱ्यांची नावं, परराष्ट्रांशी चाललेली बोलणी, निर्णयाआधी अधिकाऱ्यांनी मोकळेपणानं मांडलेली मतं चव्हाट्यावर आली तर राज्य चालवणं कठीण होईल. अडचण सुरू होते ती पुढे. ज्या कागदात सरकारची स्वतःचीच चूक नोंदलेली आहे, तोसुद्धा याच सबबीखाली झाकता येतो. म्हणून या विशेषाधिकाराचा इतिहास कोणता कागद गुप्त ठेवावा याच्या यादीत सापडत नाही. तो कागद उघडून ‘हा गुप्त आहे’ किंवा ‘नाही’ हे ठरवायचं कोणी, या एका प्रश्नाभोवती तो फिरत राहिला आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचं पहिलं लेखी उत्तर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी दिलं. व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदा सदस्य असताना त्यांनी 167 कलमांचा पुरावा कायदा रचला. त्याचं कलम 123 थोडक्यात असं सांगतं: राज्यकारभाराशी संबंधित, अप्रकाशित सरकारी दप्तरातली माहिती कोणालाही पुरावा म्हणून देता येणार नाही, द्यायचीच तर त्या खात्याच्या प्रमुखाची परवानगी हवी, आणि ती द्यायची की नाकारायची हे खातेप्रमुखाच्या मर्जीवर. ‘राज्यकारभार’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या कायद्यात नाही.

त्याच कायद्यात पुढे कलम 162 येतं. कोर्टानं कागद मागवला की तो घेऊन हजर व्हायलाच हवं. हरकत असेल तर ती कोर्टासमोर सांगावी आणि ती योग्य की अयोग्य हे कोर्टानं ठरवावं. ते ठरवताना कोर्टाला कागद पाहता येईल, पण कागद राज्यकारभाराचा असेल तर पाहता येणार नाही. म्हणजे हरकतीचा निवाडा कोर्टाचा, पण ज्यावर निवाडा द्यायचा तो कागदच बंद. खातेप्रमुखाची मर्जी आणि कोर्टाचा निवाडा एकाच कायद्यात शेजारी शेजारी बसवले गेले. रयतेला उत्तर देण्याची सवय नसलेल्या राजवटीला त्यात काही खटकलं नाही. पुढची शंभर वर्षं वकिलांनी आणि न्यायाधीशांनी या दोन कलमांची सांगड घालण्यात घालवली.

साम्राज्याच्या दोन टोकांकडून या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात साउथ ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं शेतकऱ्यांचा गहू साठवणुकीसाठी ताब्यात घेतला आणि तो खराब झाला. नुकसानभरपाईच्या दाव्यात सरकारनं स्वतःची कागदपत्रं दाखवायला नकार दिला. 1931 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की सरकारचा दावा ऐकून घ्यावा, पण गरज वाटली तर न्यायाधीश कागद स्वतः तपासू शकतो. व्यापाराच्या आणि साठवणुकीच्या व्यवहारात सरकार उतरलं की गुप्ततेचा दावा जपून तोलायला हवा, असा त्या निकालाचा रोख होता.

दुसरं उत्तर समुद्राच्या तळातून आलं. 1 जून 1939 रोजी ‘थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीसाठी लिव्हरपूलच्या उपसागरात उतरली. तिच्यावर 103 माणसं होती. नौसैनिकांच्या बरोबरीनं पाणबुडी बांधणाऱ्या गोदीचे कामगारही त्यांत होते. पाणतीर सोडायच्या नळीत पाणी आहे का, हे बघायला एक बारीक तोटी असते. त्या तोटीचं छिद्र रंगाच्या थरानं बुजलं होतं. तोटीतून पाणी आलं नाही, म्हणून नळी कोरडी समजून आतलं दार उघडलं गेलं. नळीचं बाहेरचं तोंड उघडंच होतं. समुद्र आत घुसला. चार जण निसटले, 99 जण बुडाले. त्यांच्या कुटुंबीयांनी बांधणी करणाऱ्या कंपनीवर दावा लावला आणि पाणबुडीचे आराखडे व करारपत्रं मागितली. नौदल खात्यानं ती द्यायची नाहीत असं सांगितलं.

1942 मध्ये, ऐन युद्धात, हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला की मंत्र्यानं रीतसर हरकत घेतली की विषय संपला, न्यायाधीशानं कागद उघडायचा नाही. पाणबुडीचे आराखडे शत्रूच्या हाती पडू नयेत हे कोणालाही पटेल. पण निकाल फक्त पाणबुडीपुरता राहिला नाही. एखादा कागद त्यातल्या मजकुरामुळे धोकादायक असो की तो ज्या प्रकारात मोडतो तो प्रकारच गोपनीय ठेवायचा असो, मंत्र्याचा शब्द अखेरचा ठरला. युद्धातल्या आराखड्यांसाठी बांधलेली भिंत शांततेच्या काळात साध्या खात्यांच्या फायलींभोवतीही उभी राहिली.

स्वतंत्र भारतानं पुरावा कायदा जसाच्या तसा ठेवला आणि राज्यघटनेनं त्यात आपली भर घातली. मंत्र्यांनी राष्ट्रपतींना कोणता सल्ला दिला याची चौकशी कोणत्याही न्यायालयात करता येणार नाही, असं कलम 74(2) सांगतं. राज्यांसाठी तसंच कलम 163(3) आहे. शिवाय मंत्र्याला पदाबरोबरच गोपनीयतेचीही शपथ घ्यावी लागते. लोकशाही आली, पण झाकली मूठ सव्वा लाखाची हा कारभाराचा जुना बाणा टिकून राहिला.

त्या मुठीची पहिली मोठी परीक्षा कोर्टात झाली नाही, मुंबईतल्या एका चौकशी आयोगासमोर झाली. जून 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे 1 कोटी 24 लाख रुपयांचे शेअर घेतले. डिसेंबरात फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्नांची सरबत्ती केली. सरकारनं मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छगला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. छगलांनी सुनावणी उघड घेतली आणि बघायला मुंबईकरांची गर्दी लोटली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी, त्यांचे सचिव एच. एम. पटेल, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, सगळे साक्षीला उभे राहिले. या व्यवहाराला मंत्र्याची संमती होती की नव्हती, यावर मंत्री आणि सचिव परस्परविरोधी बोलले. एरवी सचिवालयाच्या चार भिंतींत विरून जाणारं संभाषण भर सभेत उलटतपासणीला आलं. सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा निष्कर्ष छगलांनी काढला, आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री पायउतार झाले. मंत्री आणि सचिव यांच्यातलं बोलणं उघड झालं म्हणून कारभार कोसळला नाही, हेही त्यातून सिद्ध झालं.

कोर्टात मात्र वारं उलट दिशेनं वाहत होतं. सोढी सुखदेव सिंग हे पेप्सू (पतियाळा व पूर्व पंजाब संस्थानांचा संघ) राज्यात जिल्हा व सत्र न्यायाधीश होते. 1953 मध्ये तिथं राष्ट्रपती राजवट असताना त्यांना सेवेतून दूर करण्यात आलं. पुढे त्यांनी सरकारवर दावा लावला आणि आपल्याबद्दल मंत्रिमंडळात काय ठरलं, लोकसेवा आयोगानं काय सल्ला दिला, ते कागद मागितले. पेप्सू तोवर पंजाबात विलीन झालं होतं; पंजाब सरकारनं कलम 123 पुढे केलं. नोव्हेंबर 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. बहुमताचा निकाल लिहिला तो साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी.

त्यांची मांडणी बारकाईनं पाहण्यासारखी आहे. कागद राज्यकारभाराचा आहे की नाही, याची प्राथमिक चौकशी कोर्टानं करावी; त्यासाठी बाहेरचा पुरावा घ्यावा; प्रतिज्ञापत्र पुरेसं नसेल तर ते करणाऱ्याला उलटतपासणीला बोलवावं. पण कागद स्वतः पाहायचा नाही, आणि तो उघड झाल्यानं लोकहिताला किती धक्का बसेल हेही कोर्टानं मोजायचं नाही. ते काम खातेप्रमुखाचं. दार बंद ठेवून आतल्या वस्तूचा अंदाज घेण्याची ही परवानगी होती. अडचणीचे किंवा सरकारची नाचक्की करणारे कागद दडवायला हा अधिकार वापरू नये, असा इशाराही निकालात होता. पण तो पाळला जातो की नाही हे तपासायचा मार्गच त्या निकालानं बंद केला. सुखदेव सिंगांना कागद मिळाले नाहीत. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी बहुमतापासून काही अंशी वेगळं मत नोंदवलं.

ज्या इंग्लंडकडे बघून आपण भिंत बांधली, तिथं ती आठच वर्षांत पडली, आणि तीही एका बॅटरीवरून. एका शिकाऊ पोलिसावर सहकाऱ्याची विजेरी चोरल्याचा आरोप झाला. तो निर्दोष सुटला, पण नोकरी गेली. त्यानं वरिष्ठावर दुष्ट हेतूनं खटला भरल्याचा दावा लावला. त्याच्याबद्दलचे अहवाल दोन्ही पक्षांना हवे होते, पण गृहमंत्री अडून बसले. एका शिकाऊ पोलिसाच्या कामाचे अहवाल उघड झाले तर राज्याला काय धोका, याचं समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हतं. 1968 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं आपला 1942 चा निकाल बाजूला ठेवला. एका पारड्यात गुप्ततेनं साधणारं लोकहित आणि दुसऱ्यात न्याय मिळण्यातलं लोकहित, असं तोलायचं काम न्यायाधीशाचं. गरज पडली तर त्यानं कागद एकांतात वाचावा. लॉर्डांनी ते अहवाल स्वतः वाचले आणि देऊन टाकले.

अमेरिकेत हाच प्रश्न थेट राष्ट्राध्यक्षांच्या दारात गेला. तिथल्या राज्यघटनेत या विशेषाधिकाराचा उल्लेख नाही. जॉर्ज वॉशिंग्टनपासून राष्ट्राध्यक्षांनी तो आपल्या पदातूनच उगवतो असं मानलं. वॉटरगेट प्रकरणात विशेष सरकारी वकिलांनी रिचर्ड निक्सन यांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती मागितल्या. 24 जुलै 1974 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 8 विरुद्ध 0 असा निकाल दिला. असा विशेषाधिकार आहे हे न्यायालयानं मान्य केलं. पण फौजदारी खटल्यात नेमका पुरावा हवा असताना ‘आमची बोलणी गोपनीय असतात’ एवढ्या मोघम सबबीवर तो अडवता येणार नाही, असंही बजावलं. ध्वनिफिती न्यायाधीशाकडे द्याव्या लागल्या आणि दोन आठवड्यांत निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला.

तेव्हा अलाहाबादेत अशीच एक झटापट सुरू होती. 1971 मध्ये रायबरेलीतून इंदिरा गांधींकडून हरलेले राजनारायण निवडणूक याचिका लढत होते आणि त्यांचे वकील होते शांतिभूषण. प्रचारसभांची व्यासपीठं, ध्वनिक्षेपक, वीज यांची सोय उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांनी केली, असा एक आरोप होता. सरकारचं उत्तर असं की पंतप्रधानांच्या सुरक्षेच्या नियमांप्रमाणेच हे झालं. हे नियम एका पुस्तिकेत होते. तिला सगळे ‘ब्लू बुक’ म्हणत. राजनारायण यांनी ती मागितली. व्यासपीठाच्या खर्चाबद्दलचा नियम संसदेत एका सदस्यानं आधीच वाचून दाखवला होता. तरी सरकारनं पुस्तिका राज्यकारभाराची आहे म्हणून नकार दिला, आणि सुरुवातीला तर खातेप्रमुखाचं प्रतिज्ञापत्रही जोडलं नाही. मार्च 1974 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं नकार फेटाळला आणि उत्तर प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

24 जानेवारी 1975 चा तो निकाल दोन तोंडांचा आहे. एका तोंडानं न्यायालयानं सरकारला दिलासा दिला: एक भाग प्रसिद्ध झाला म्हणून सगळी पुस्तिका प्रसिद्ध झाली असं होत नाही, खातेप्रमुखाला प्रतिज्ञापत्राची संधी द्या. दुसऱ्या तोंडानं मात्र 1960 चं दार उघडलं. प्रतिज्ञापत्रानं समाधान झालं नाही तर न्यायाधीश कागद स्वतः पाहील, त्यातला निरुपद्रवी भाग वेगळा काढून तेवढा देईल. न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी वेगळ्या निकालपत्रात आणखी एक पाऊल टाकलं. सरकारी सेवक सार्वजनिक पदावर राहून जे काही करतात, ते जाणण्याचा जनतेला हक्क आहे, असं त्यांनी लिहिलं. माहितीच्या अधिकाराची आपल्याकडची वंशावळ याच परिच्छेदापासून मोजतात. 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. सिद्ध झालेल्या दोन गैरप्रकारांपैकी एक होता व्यासपीठं आणि ध्वनिक्षेपक यांच्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांची घेतलेली मदत.

आणीबाणी येऊन गेली. 1981 मध्ये न्यायव्यवस्थेनं आपल्याच घरातले कागद उघडले. दिल्ली उच्च न्यायालयातले अतिरिक्त न्यायाधीश एस. एन. कुमार यांची मुदत सरकारनं वाढवली नाही. सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी त्याला आव्हान दिलं. मागितले गेले ते कागद म्हणजे कायदामंत्री, दिल्लीचे मुख्य न्यायमूर्ती आणि सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांचा पत्रव्यवहार. सरकारनं कलम 123 आणि कलम 74(2) ही दोन्ही पुढे केली. सात न्यायाधीशांच्या खंडपीठानं पत्रं आधी आपल्या दालनात वाचली आणि मग बहुमतानं सर्वांसाठी खुली केली. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलं की खुला कारभार हा नियम आणि गुप्तता हा अपवाद. मुख्य न्यायमूर्तींचं मत प्रतिकूल होतं आणि सरन्यायाधीशांचं अनुकूल, हे जगाला कळलं.

आणि एवढं होऊनही कुमार यांना पद मिळालं नाही. मूळ मुद्द्यावर बहुमत सरकारच्या बाजूनं गेलं. ‘कागद उघडले की सरकार हरतं’ या भीतीला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. कागद वाचून सरकारचं म्हणणं पटलं असेल तर निकाल सरकारच्या बाजूनं लागतो, आणि तो बंद फाइलीवर लागलेल्या निकालापेक्षा अधिक पक्का असतो.

राष्ट्रपती राजवटीवरच्या 1994 च्या बोम्मई खटल्यात नऊ न्यायाधीशांनी कलम 74(2) चीही मर्यादा आखून दिली. सल्ला काय दिला हे विचारता येणार नाही, पण तो सल्ला ज्या माहितीवर उभा आहे ती माहिती मागवता येईल. राज्य सरकारं बरखास्त करण्याच्या मनमानीला त्यानंतर लगाम बसला.

तोपर्यंत कागद वाचायचा हक्क खातेप्रमुखाकडून न्यायाधीशाकडे आला होता. तो नागरिकापर्यंत नेण्याचं काम चळवळींनी केलं. राजस्थानातल्या मजुरांनी हजेरीपटाच्या प्रती मागितल्या. 1997 मध्ये गोव्यानं आणि तामिळनाडूनं माहितीच्या अधिकाराचे कायदे केले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर 2002 मध्ये कायदा आला, आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्राचा कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला. त्यात मंत्रिमंडळाच्या कागदांना सूट आहे, पण निर्णय होऊन विषय संपला की निर्णय, त्याची कारणं आणि आधार जाहीर करायचे आहेत. कलम 8(2) तर असं म्हणतं की सूट असली आणि 1923 चा कार्यालयीन गुपिते कायदा आड आला, तरी लोकहिताचं पारडं जड असेल तर माहिती देता येईल.

कायदा येऊन वर्षही झालं नव्हतं, तोच फायलीवरची टिपणं वगळण्याची दुरुस्ती पुढे आली. सरकारी फाइल पाहिलेल्या कोणालाही यातली मेख कळेल. अंतिम आदेश दोन ओळींचा असतो. कारकुनानं काय मांडलं, उपसचिवानं कुठं शंका काढली, वित्त विभागानं काय शेरा मारला आणि तो डावलून सही कोणाची झाली, हे सगळं टिपणांत असतं. टिपणं गेली की आदेश उरतो आणि त्याची जबाबदारी हवेत विरते. ऑगस्ट 2006 मध्ये अण्णा आळंदीला उपोषणाला बसले आणि सरकारनं दुरुस्ती मागे घेतली.

त्यानंतर जे आलं ते जुन्या विशेषाधिकाराचं नवं रूप होतं: बंद लिफाफा. यात सरकार कागद द्यायला नाही म्हणत नाही. न्यायाधीशाला देतं, पण समोरच्या पक्षाला दाखवत नाही. वरवर पाहता न्यायाधीशानं कागद वाचावा ही जुनी मागणीच पुरी झाली. तिचा धोका 14 डिसेंबर 2018 च्या पहिल्या राफेल निकालात उघडा पडला. किमतीचा तपशील महालेखापरीक्षकांना दिला, त्यांचा अहवाल लोकलेखा समितीनं तपासला, असं निकालात आलं. प्रत्यक्षात असा अहवाल तोवर संसदेपुढे आलाच नव्हता. तो 13 फेब्रुवारी 2019 ला मांडला गेला. समितीचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी आपल्यापुढे असं काही आलं नसल्याचं सांगितलं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सरकारनं दुरुस्तीचा अर्ज केला: लिफाफ्यातल्या टिपणात आम्ही नेहमीची कार्यपद्धती सांगितली होती, कोर्टानं ती घडून गेलेली गोष्ट समजली. हे टिपण याचिकाकर्त्यांच्या हाती असतं, तर ही गफलत सुनावणीतच कोणीतरी दाखवून दिली असती. एकट्यानं वाचलेल्या कागदाला उलटतपासणी नसते.

याच खटल्याच्या दुसऱ्या फेरीत ते तीन कागद पुढे आले. याचिकाकर्ते होते यशवंत सिन्हा, अरुण शौरी आणि प्रशांत भूषण, म्हणजे ‘ब्लू बुक’ मागणाऱ्या शांतिभूषण यांचे चिरंजीव. 10 एप्रिल 2019 रोजी तिन्ही न्यायाधीशांनी सरकारची हरकत एकमुखानं फेटाळली. कलम 123 अप्रकाशित दप्तराबद्दल बोलतं, हे तर छापून आलंय. आणि माहितीच्या अधिकाराचा कायदा झाल्यावर गुप्ततेच्या दाव्यालाही लोकहिताची कसोटी लागतेच. नोव्हेंबरात फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या. 1981 सारखंच झालं: कागद आले, निकाल सरकारच्या बाजूनं लागला.

लिफाफ्याचा प्रश्न 5 एप्रिल 2023 ला सुटला, निदान कागदावर. केरळातल्या ‘मीडिया वन’ वाहिनीचा परवाना गृहखात्यानं सुरक्षा मंजुरी नाकारल्यामुळे अडला होता. कारणं लिफाफ्यात होती आणि केरळ उच्च न्यायालयानं ती वाचून बंदी कायम ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयात हा निकाल लिहिला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी. 1981 मध्ये ज्यांची पत्रं उघडली गेली, त्या यशवंत चंद्रचूड यांच्या मुलानं. त्यांनी म्हटलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव हवेतून घेता येत नाही. तपास यंत्रणांचे सगळे अहवाल सरसकट गुप्त ठरवता येत नाहीत. काही झाकायचंच असेल तर त्याची गरज आणि प्रमाण सिद्ध करावं लागेल, आणि समोरच्या पक्षाची बाजू लिफाफा वाचून मांडायला कोर्ट न्यायमित्र नेमू शकेल. कागद एकट्या न्यायाधीशानं वाचायचा नाही, कोणीतरी विरोधात बोलणाऱ्यानंही वाचायचा, इथवर हा प्रवास आला.

त्याच वर्षी पुरावा कायदाही नवा झाला आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. जुन्या कलम 123 चा आकडा बदलून 129 झाला. आशय बहुतांशी तोच राहिला. जुन्या 162 चं 165 झालं आणि त्याला एक परंतुक जोडलं गेलं: मंत्री आणि राष्ट्रपती यांच्यातला पत्रव्यवहार कोणतंही न्यायालय मागवणार नाही. न्यायालयांनी पन्नास वर्षं कष्टानं उभारलेल्या मर्यादा निकालपत्रांत राहिल्या, आणि संधी असूनही त्या कायद्याच्या मजकुरात आल्या नाहीत.

ही झाली न्यायालयाची कहाणी. सरकारची चौकशी करायचं मूळ काम ज्यांचं, तिथली कथा वेगळी आहे. चौकशी आयोगाला 1952 च्या कायद्यानं कागद मागवायचे अधिकार दिले आणि नंतरच्या दुरुस्तीनं त्याचा अहवाल सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवण्याचं बंधन सरकारवर घातलं. इंदिरा गांधींच्या हत्येचा ठक्कर आयोगाचा अहवाल आला तेव्हा, 1986 मध्ये, तो मांडावा लागू नये म्हणून कायदाच बदलण्यात आला. शेवटी त्यातला भाग ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये फुटल्यावर मार्च 1989 मध्ये तो मांडला गेला.

संसदीय समित्यांचं दुखणं तर आणखी जुनं आणि कमी चर्चेतलं आहे. लोकसभेच्या कामकाजाचा नियम 270 समितीला माणसं, कागद आणि दप्तर मागवायचा अधिकार देतो. कागद विषयाला धरून आहे की नाही, हे लोकसभा अध्यक्ष ठरवतात. पण त्यालाच जोडून असंही लिहिलंय की एखादा कागद उघड झाल्यानं राज्याच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधा येईल असं म्हणून सरकार तो द्यायला नकार देऊ शकतं. त्या नकाराचं पुढे काय, याबद्दल नियम गप्प आहे. प्रतिज्ञापत्र नाही, उलटतपासणी नाही, कागद आधी वाचून बघणारा तिसरा माणूस नाही. ज्याची चौकशी चालू आहे त्यानंच कोणता पुरावा द्यायचा ते ठरवायचं, ही 1872 ची व्यवस्था न्यायालयांनी आपल्यापुरती मोडीत काढली. लोकप्रतिनिधींच्या समितीत ती आजही चालते. 2025 पर्यंत माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचं कलम 8 म्हणत होतं की जी माहिती संसदेला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. संसदेलाच नाही म्हणता येत असल्यामुळे या वचनाचा पायाही तेवढाच भुसभुशीत होता.

हे बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. घटनेच्या कलम 118 नुसार नियम सभागृहानं स्वतः केलेले आहेत. सरकारनं नकार दिला तर तो कागद लोकसभा अध्यक्षांनी, किंवा सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन सदस्यांनी बंद दाराआड वाचून हरकत खरी की खोटी ते सांगावं, एवढी एक ओळ नियम 270 मध्ये घालायची आहे. ती घालायची की नाही, हे सभागृहानं स्वतःच ठरवायचं आहे.